चौकट क्रमांक २१ : रायचूरचं १९८० चं खग्रास ग्रहण आणि स्वयंचलित कॅमेऱ्याची साक्ष

आपल्या संग्रहात जुनी पत्रं, दस्त, लग्नपत्रिका, वाड्यांचे नकाशे येतात. कागद कसा वाचायचा हे आता आपल्याला थोडंफार जमतं. या वेळी मी संग्रहासाठी आणलेली वस्तू कागद नाही. काळ्या-पांढऱ्या ३५ मि.मी. फिल्मच्या सहा पट्ट्या आहेत, पिवळ्या पडलेल्या पाकिटातल्या. पाकिटावर माझ्या काकांच्या अक्षरात एवढंच आहे : ‘ग्रहण. रायचूर. खराब.’

हा ‘खराब’ शब्द आमच्या घरात चाळीस वर्षं टिकला. १६ फेब्रुवारी १९८० ला काका-काकू हैदराबादहून रायचूरला गेले, स्वतः जोडलेली दुर्बीण आणि नवा कोरा जपानी कॅमेरा घेऊन. फोटो एकही आला नाही. कॅमेरा ऐन वेळी अडकला असं काका म्हणत. घरातले म्हणत की यांनीच भलतं बटण दाबलं असणार. गणपतीत सगळे जमले की कुणीतरी विषय काढायचं, सगळे हसायचे, काकाही हसायचे. त्यानंतर त्यांनी दुर्बिणीला कॅमेरा कधीच लावला नाही. काका २०११ मध्ये गेले.

मी स्वतः रायचूरला नव्हतो. मी तेव्हा अकरा वर्षांचा, आणि आजीने आम्हा सगळ्या पोरांना खिडक्या लावून घरात बसवलं होतं. त्या दिवशी दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, एवढंच फटीतून दिसलं. त्यामुळे या प्रकरणात मी साक्षीदार नाही, फक्त तपासणारा आहे. नोकरीत असताना यंत्र का बंद पडलं याचे अहवाल मी पुष्कळ लिहिले. हाही तसलाच एक अहवाल समजा, चव्वेचाळीस वर्षं उशिरा लिहिलेला.

आधी थोडं मागे जाऊ. दुर्बिणीला कॅमेरा लावून आकाशाचा फोटो काढायचा तर प्रश्न एकच असतो, उजेड किती वेळ आत घ्यायचा. खग्रास ग्रहणाचा पहिला नीट फोटो २८ जुलै १८५१ चा, क्योनिग्सबर्गचा. बर्कोव्स्की नावाच्या छायाचित्रकाराने छोट्या दुर्बिणीतून डॅगेरोटाइप घेतला, एक्स्पोजर ८४ सेकंद. हा आकडा आपल्याला आज माहीत आहे तो कुणीतरी लिहून ठेवला म्हणून.

आपल्या हैदराबादचंच उदाहरण घ्या. नवाब जफर जंग यांनी १९०१ मध्ये स्थापन केलेल्या आणि पुढे बेगमपेठेत आलेल्या निजामिया वेधशाळेत आठ इंची कुक दुर्बीण होती, खास फोटोसाठी बनवलेली. पॅरिसला १८८७ मध्ये ठरलेल्या आकाश-नकाशाच्या आंतरराष्ट्रीय कामातला वजा १७ ते वजा २३ अंशांचा पट्टा मुळात चिलीतल्या सांतियागोकडे होता. तो तिथे झाला नाही आणि हैदराबादने घेतला. चॅटवुड, मग पोकॉक, मग भास्करन असे संचालक बदलले, काम चालू राहिलं. पुढे पॉट्सडॅमचा अधिक ३६ ते अधिक ३९ चा पट्टाही इथेच झाला. या कामात बऱ्याच वेधशाळा एकाच काचेवर तीन एक्स्पोजर घेत : सहा मिनिटं, तीन मिनिटं आणि वीस सेकंद. मधे काच किंचित सरकवायची, म्हणजे प्रत्येक ताऱ्याचे तीन ठिपके उमटतात. तेजस्वी तारा लांब एक्स्पोजरमध्ये पसरतो, तो वीस सेकंदांच्या ठिपक्यावरून मोजायचा. मंद तारा फक्त सहा मिनिटांत येतो. एकच वेळ सगळ्यांना पुरत नाही हे त्या लोकांना पक्कं ठाऊक होतं, आणि कुठल्या काचेला किती वेळ दिला हे वहीत नोंदवणं हा कामाचाच भाग होता.

ग्रहणाच्या वेळी तर आणखी शिस्त. २२ जानेवारी १८९८ चं खग्रास ग्रहण कोकणातून वर विदर्भाकडे गेलं. विजयदुर्गच्या किल्ल्यात नॉर्मन लॉकियर होते, मदतीला ‘मेल्पोमेनी’ या युद्धनौकेचे खलाशी. सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला पुण्याचे कावसजी दादाभाई नायगमवाला आणि अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल. (जाता जाता : हेलियमचा शोध १८६८ मध्ये लॉकियरने विजयदुर्गावर लावला असं आजही ठोकून सांगतात. १८६८ मध्ये लॉकियर इंग्लंडमध्ये होते. ते विजयदुर्गाला आले १८९८ मध्ये. त्या ओट्याला ‘साहेबाचे कट्टे’ म्हणा, बिघडत नाही, पण साल तरी नीट सांगा.) अशा मोहिमांत प्रत्येक कॅमेऱ्याची एक्स्पोजरची यादी आधी ठरलेली असे, तिची आठवडाभर तालीम होई, आणि एक माणूस फक्त सेकंद मोठ्याने मोजण्यासाठी नेमलेला असे. त्या मोजणाऱ्या माणसाकडे आपण परत येणार आहोत.

मग कॅमेऱ्याने स्वतःच वेळ ठरवायला सुरुवात केली. १९३८ च्या कोडॅक सुपर सिक्स-२० मध्ये पहिल्यांदा प्रकाशमापक आणि कॅमेरा जोडले गेले. १९६३ च्या टॉपकॉन आरई सुपरमध्ये मापक लेन्सच्या मागे गेला, म्हणजे लेन्समधून आलेलाच उजेड मोजू लागला. दुर्बिणीच्या दृष्टीने ही खरी क्रांती, कारण आता लेन्सच्या जागी काय लावलंय याची मापकाला फिकीर नव्हती. १९७१ च्या पेंटॅक्स इलेक्ट्रो स्पॉटमॅटिकमध्ये तुम्ही अॅपर्चर ठेवायचं आणि शटरचा वेळ कॅमेरा ठरवायचा. याच्या उलट पद्धत कोनिका ऑटोरेफ्लेक्सची (१९६५) आणि पुढे खूप खपलेल्या कॅनन एई-१ ची (१९७६) : वेळ तुम्ही ठरवा, अॅपर्चर कॅमेरा बदलेल.

आता दुर्बिणीला झडप नसते. तिचं तोंड जेवढं आहे तेवढंच. म्हणून वेळ तुम्ही, अॅपर्चर कॅमेरा, ही पद्धत दुर्बिणीवर निरुपयोगी. कॅमेरा कुणाला आज्ञा देणार? दोन्ही स्वतः ठरवणारा ‘पी’ मोडही तसाच, त्याचा अर्धा हातच तुटलेला. उरतो तो एकच, अॅपर्चर ठरलेलं आणि वेळ कॅमेऱ्याचा. दुर्बिणीवर स्वयंचलित म्हणून जे काही चालतं ते हेच. आजच्या डिजिटल कॅमेऱ्यातही तसंच आहे. दुर्बीण लावली की पडद्यावर एफच्या पुढे शून्यं किंवा रेघा येतात, कारण पलीकडे कोण आहे हे कॅमेऱ्याला कळत नाही. काही कॅमेरे तर लेन्स नाही म्हणून शटरच सोडत नाहीत, मेनूत जाऊन परवानगी द्यावी लागते. काही स्वस्त कॅमेऱ्यांचा मापक अशा वेळी बंदच राहतो.

काकांचा कॅमेरा वेळ स्वतः ठरवणारा होता. म्हणजे निवड बरोबर होती. त्यांनी चौकशी करून घेतला असणार, ते तसे चिवट गृहस्थ होते. पण या मोडची एक समजूत असते, आणि ती कॅमेऱ्याच्या डब्यावर लिहिलेली नसते. समजूत अशी की समोरचं दृश्य सरासरीने मध्यम राखाडी आहे. घरातली माणसं, झाडं, रस्ता, देऊळ यांना हे बऱ्यापैकी लागू पडतं. काळ्या आकाशातल्या एका छोट्या उजळ चकतीला अजिबात पडत नाही.

आता पट्ट्या बघू. मी त्या २४०० डीपीआयला स्कॅन केल्या, म्हणजे एका मिलिमीटरला साधारण ९४ पिक्सेल. पहिल्या चौकटीत सूर्याची पूर्ण चकती आहे, ग्रहण लागण्याआधीची. चकती साडेआठ मि.मी. भरते. फेब्रुवारीच्या मध्याला सूर्य साधारण साडेबत्तीस कलांचा दिसतो. भागाकार केला की दुर्बिणीची फोकल लेंथ ९०० मि.मी. येते. काकूंनी माळ्यावरून नळी काढून दिली. भिंगाचा व्यास १०० मि.मी. म्हणजे एफ/९. फिल्मच्या काठावर १०० एएसए छापलेलं आहे. बस, तपासाला एवढं सामान पुरे.

चौकटीचं क्षेत्रफळ ८६४ चौरस मि.मी., चकतीचं सत्तावन्न. पंधरावा हिस्सा. बाकी सगळा काळोख. मापकाने सरासरी काढली, ‘फार अंधार आहे’ असं ठरवलं आणि पाहिजे त्याच्या कितीतरी पट वेळ शटर उघडं ठेवलं. परिणाम : निगेटिव्हवर सूर्य डांबरासारखा काळा, प्रिंटवर चुन्याच्या ठिपक्यासारखा पांढरा, डाग वगैरे काही नाही. काकांनी दुर्बिणीच्या तोंडावर पुठ्ठ्याच्या झाकणात गडद फिल्टर लावला होता. (फिल्टर तोंडावरच हवा. नेत्रिकेच्या बाजूला लावलेला तापून तडकतो आणि डोळा जातो. हे कितीही वेळा सांगितलं तरी कमीच.) फिल्टर योग्य होता. वेळ चुकत होता.

इथपर्यंत कुठल्याही छंदी माणसाला माहीत असलेली गोष्ट आहे. चंद्रावर दुर्बीण लावून पहिला फोटो काढला की प्रत्येकाला असाच पांढरा लाडू मिळतो. मला रस वाटला तो पुढच्या चौकटींत.

ग्रहण लागलं की सूर्याची कोर बारीक होत जाते. पण जी कोर उरते तिचा प्रखरपणा कमी होत नाही. खिडकीचं एक दार लावलं तर खोलीत उजेड कमी येतो, उरलेल्या फटीतून दिसणारं आकाश मात्र तेवढंच लख्ख असतं, तसं. (अगदी कडेला सूर्य किंचित मंद असतो, पण इथे तो फरक किरकोळ.) म्हणून खंडग्रास भागात सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक्स्पोजर एकच ठेवायचं असतं. मापकाला हे कसं कळावं? त्याला चौकटीतला एकूण उजेड घटताना दिसतो. तो इमानदारीने वेळ वाढवत जातो. कोर निम्मी झाली, वेळ दुप्पट. कोर विसावा हिस्सा राहिली, वेळ वीसपट.

आणि याचा पुरावा फिल्मवर आहे. काकांच्या दुर्बिणीला आकाशाबरोबर फिरवणारी मोटर नव्हती. पृथ्वी फिरते, म्हणून सूर्याची प्रतिमा फिल्मवर सरकत राहते. त्या दिवशीच्या सूर्याच्या जागेसाठी आणि ९०० मि.मी. फोकल लेंथसाठी हा वेग निघतो सेकंदाला ०.०६४ मि.मी., म्हणजे माझ्या स्कॅनवर सेकंदाला सहा पिक्सेल. एक्स्पोजर एक अष्टमांश सेकंद असेल तर सरकणं दिसणारही नाही. दोन सेकंद असेल तर बारा पिक्सेलचा फराटा पडेल. फराटा एकाच दिशेला पडतो, जास्त उजेडामुळे येणारी धग चारी बाजूंना सारखी पसरते. दोन दिशांच्या जाडीतला फरक घेतला की फराटा वेगळा काढता येतो. पहिल्या दहा चौकटींत काही नाही. बाराव्या-तेराव्यात संशय घ्यावा इतपत. अठराव्यात आठ पिक्सेल, म्हणजे सव्वा-दीड सेकंद. एकोणिसाव्यात पंधरा, म्हणजे अडीच सेकंद. विसाव्या चौकटीत नखाएवढी कोर जाड काजळाच्या रेघेसारखी झाली आहे.

वेधशाळेच्या काचेला वही असते. काकांच्या रोलला नव्हती. स्वयंचलित म्हटल्यावर लिहायचं कशाला? माझ्या मते या मोडने छंदी लोकांचं जे नुकसान केलं त्यात हे मोठं. निर्णय यंत्राने घेतला, आणि काय घेतला हे सांगितलंही नाही. डिजिटल कॅमेरा आता प्रत्येक फाइलमध्ये वेळ लिहून ठेवतो, तेव्हा ते कर्ज फिटलं म्हणायचं. पण १९७० ते २००० च्या दरम्यानचे घरोघरचे असे रोल मुके आहेत. त्यांना बोलतं करायला असाच काहीतरी उपद्व्याप करावा लागतो.

आता चौकट क्रमांक २१.

प्रथमदर्शनी ती वाया गेलेली. मधे धुरकट काळं काहीतरी पसरलेलं, त्यात एक फिकट लंबगोल. गल्लीतल्या स्टुडिओने २१ ते २४ या चौकटींचे प्रिंट काढलेच नव्हते. आत उजेड शिरला असं समजून सोडून दिलं. काकांना दिले ते वीस पांढरे लाडू. रोल धुवायला गेला तोही तीन महिन्यांनी, कारण उरलेल्या चौकटी चुलतबहिणीच्या वाढदिवसासाठी राखल्या होत्या. (पंचविसाव्या चौकटीपासून आम्ही सगळे आहोत, डोळे मिटलेले. फ्लॅश.) तोपर्यंत काकांचं मन उडालं होतं. निगेटिव्ह उजेडासमोर धरून बघायचा प्रयत्न त्यांनी केला असेल-नसेल, पण करोना म्हणजे सूर्याचं प्रभामंडळ निगेटिव्हवर काळ्या धुरासारखंच दिसतं. सवय नसेल तर ओळखू येत नाही.

२१ मधला तो लंबगोल मी मोजला. एका दिशेला ८.८ मि.मी. त्या दिवशी चंद्र सूर्यापेक्षा थोडा मोठा दिसत होता, तेव्हा हा चंद्राच्या चकतीचा व्यास म्हणून बरोबर बसतो. काटकोनातल्या दिशेला साडेसात. म्हणजे चंद्राची काळी चकती १.३ मि.मी. सरकली आणि दोन्ही कडांनी खाल्ली गेली. १.३ भागिले ०.०६४, वीस सेकंद. या चौकटीत शटर निदान वीस सेकंद उघडं होतं, आणि त्या वेळात फिल्टर लावलेला नव्हता, नाहीतर करोना उमटलाच नसता.

वीस सेकंद! करोनाला इतके लागत नाहीत. एफ/९ आणि १०० एएसएला कडेच्या लाल ज्वालांसाठी सेकंदाचा पाचशेवा-सहाशेवा भाग पुरतो, कडेलगतच्या करोनाला दीडशेवा, बाहेरच्या पसरलेल्या किरणांना अर्धा ते एक सेकंद. कॅमेऱ्याने वीस सेकंद का ठेवले?

मी काकूंकडे गेलो. त्या आता ऐंशीच्या पुढे आहेत, बरकतपुऱ्यात मुलीकडे असतात. मी विचारलं, त्या दिवशी नक्की काय झालं?

‘अरे, मला काय विचारतोस, मी मोजत होते,’ त्या म्हणाल्या. ‘तुझ्या काकांनी मनगटावर घड्याळ दिलं होतं, सेकंदकाट्याचं. अंधार झाला की एकपासून मोठ्याने म्हणायचं, थांबायचं नाही, एकशेचाळीस झाले की ओरडायचं. घरी गच्चीवर आठ दिवस म्हणून घेतलं होतं माझ्याकडून.’

म्हणजे काकांनी मोहिमेतला सेकंद मोजणारा माणूस नेमला होता! रायचूरला खग्रास स्थिती अडीच मिनिटांच्या आसपास होती, पावणेचारच्या सुमाराला. एकशेचाळीसचा हिशेब सावधपणे धरलेला होता.

‘मग?’

‘मग काय, अंधार झाला, मी सुरू केलं. ते वाकून बघत होते. बटण दाबलं आणि म्हणाले, दिसत नाही, काहीच दिसत नाही. मी आपली म्हणतेय, अठरा, एकोणीस. पंचविसाच्या सुमाराला ओरडले, अडकला गं! मग एकदम कपाळावर हात मारला आणि ते पुढचं झाकण ओढून काढलं. चिकटपट्टी लावली होती ना त्याला, निघेना लवकर.’

‘शटरचा आवाज कधी आला?’

‘खट झालं ते पन्नासच्या आसपास. पन्नास म्हणताना मी दचकले, म्हणून लक्षात आहे.’

पंचविसाला ओरडले, झाकण काढायला चार-पाच सेकंद, पन्नासला खट. मधे वीस. फिल्म आणि काकूंची आठवण यांनी एकमेकींना न विचारता एकच आकडा दिला. तोंडी साक्षीवर आपण मंडळात नेहमी वाद घालतो, मीही शंका घेणाऱ्यांतला. पण सेकंद मोठ्याने मोजणाऱ्या साक्षीदाराची गोष्ट वेगळी.

आता साखळी जुळते. सूर्याचा शेवटचा ठिपका विझत असताना काकांनी फिल्टरसकट बटण दाबलं. करोना फिल्टरमधून दिसतच नाही, मापकाला जवळजवळ मिट्ट काळोख दिसला. त्या काळातले बहुतेक कॅमेरे आरसा वर जाण्याआधी उजेड मोजून तो आकडा लक्षात ठेवत आणि तेवढा वेळ शटर धरून ठेवत. आरसा वर गेला की बघायच्या खिडकीत काळोख. काका म्हणाले दिसत नाही, ते यामुळे. कॅमेरा अडकला नव्हता. तो एक खूप लांब एक्स्पोजर देत होता, त्याला सांगितलं होतं तसं. मग काकांनी मधेच फिल्टर काढला आणि लख्ख करोना आत आला, पण कॅमेऱ्याचा हिशेब आधीच झालेला, त्याने तो बदलला नाही. १९७५ च्या ऑलिंपस ओएम-२ सारखा, एक्स्पोजर चालू असताना फिल्मवरून परतणारा उजेड मोजणारा कॅमेरा असता तर झाकण निघताच शटर मिटलं असतं. काकांचा तसा नव्हता.

भलतं बटण कुणी दाबलं नव्हतं. फिल्टर काढायला पंचवीस-तीस सेकंद उशीर झाला, एवढीच चूक. अनुभवी लोकांच्या हातूनही ही होते.

राहिल्या चौकटी २२ आणि २३. पन्नासला खट झाल्यावर काकांनी फिल्म पुढे ओढली आणि त्याच मोडमध्ये आणखी दोनदा बटण दाबलं. काकूंच्या मते ‘उगाच, आशा सोडल्यासारखे.’ या दोन्हीत फराटा दोन पिक्सेलपेक्षा कमी आहे, म्हणजे एक्स्पोजर सेकंदाच्या तिसऱ्या भागाहून लहान. मी उलट बाजूने हिशेब केला. करोनाचा एकूण उजेड पौर्णिमेच्या चंद्राच्या साधारण निम्मा असतो. तो चौकटीभर सरासरी पसरवला तर मापकाने मागितलेला वेळ एक पंचमांश सेकंदाजवळ येतो. आणि कडेपासून अर्ध्या-एक त्रिज्येपर्यंतच्या करोनासाठी तो बरा वेळ आहे! उजेड एका ठिपक्यात गोळा न होता चौकटीत पसरला होता, म्हणून मापकाची समजूत पहिल्यांदाच खरी ठरली. ज्या मोडने वीस चौकटी जाळल्या त्यानेच या दोन वाचवल्या. आतल्या ज्वाला गेल्या, त्या एवढ्या वेळात टिकत नाहीत. पण चंद्राची स्वच्छ काळी चकती आणि चोहीकडे फुललेले किरण दोन्ही चौकटींत आहेत. चोहीकडे, हे महत्त्वाचं. १९८० हे सूर्याच्या कमाल सक्रियतेच्या जवळचं वर्ष, तेव्हा करोना सगळ्या बाजूंनी फुललेला असतो. किमान सक्रियतेच्या काळात तो दोन बाजूंना पंखासारखा ताणलेला दिसतो. आकार सालाशी जुळतो. चौविसावीत हिऱ्याची अंगठी आहे, पण हिरा अर्ध्या चौकटीभर.

दुर्बीण लावणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. चंद्र किंवा फिल्टरमधला सूर्य असेल तर एकदा हाताने एक्स्पोजर ठरवा, पडद्यावर बघा, आणि मग हात लावू नका. स्वयंचलितच हवं असेल तर मापक ‘स्पॉट’वर ठेवून चकतीवर धरा, किंवा भरपाईचं चक्र उणे दोन-तीनवर न्या. दिवसा जमिनीवरचा पक्षी, देवळाचा कळस, किल्ल्याचा बुरूज दुर्बिणीतून टिपताना मात्र हा मोड बिनधास्त वापरा, तिथे तो छान चालतो. मी गोवळकोंड्याचा बाला हिसार नेहमी तसाच घेतो. खग्रास ग्रहणात एका वेळेवर विसंबू नका, पाचशेव्या भागापासून एका सेकंदापर्यंत पायऱ्यांनी चढत जा. आणि झाकणाला चिकटपट्टी लावायचीच तर तिची एक शेपटी मोकळी सोडा.

मी २२ वी चौकट लॅपटॉपवर उलटी करून, म्हणजे पॉझिटिव्ह करून, काकूंना दाखवली. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मला वाटलं काकांची आठवण झाली.

‘असं होतं होय ते,’ त्या म्हणाल्या.

‘म्हणजे? तुम्ही तिथेच होतात ना?’

‘होते ना. पण माझी नजर घड्याळावर. मान वर केली आणि आकडा चुकला तर? एकशेचाळीस म्हटलं आणि वर बघितलं तर तुझे काका म्हणाले, आता बघू नको, डोळे जातील.’

फिल्मच्या सहाही पट्ट्या, पाकिटासह, काकूंनी मंडळाला दिल्या आहेत. पाकिटावरचा ‘खराब’ शब्द खोडायचा का, असं मी विचारलं. नको म्हणाल्या, त्यांचं अक्षर आहे. नोंदवहीत मी चौकटी २१ ते २३ वेगळ्या लिहिल्या आहेत, आणि छायाचित्रकारांच्या रकान्यात दोन नावं घातली आहेत, एक बटण दाबणाऱ्याचं आणि एक सेकंद मोजणारीचं.